येळवशीच्या ताटातलं शिवार

कुर्डुवाडीला उतरलात की मोठ्या गाडीचा फलाट सोडून पलीकडे चला. लातूरची छोटी गाडी तिकडून सुटते. साल १९६७, डिसेंबर संपत आलेला. रूळ अडीच फुटी, डबे इतके चिंचोळे की समोर बसलेल्याचे गुडघे तुमच्या गुडघ्यांना लागणार. इंजिन कोळशाचं, तेव्हा खिडकीत बसायची हौस असेल तर डोळ्यांत कण जायची तयारी ठेवा. ही गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली, १९११ मध्ये लातूरला पोचली. १९५४ मध्ये ती सरकारनं ताब्यात घेतली, तरी लोकांच्या तोंडी अजून ‘बार्शी लाइट’च आहे.

आज डब्यात पाय ठेवायला जागा नाही. मुंबईच्या गिरणीत कामाला असलेला एक जण ट्रंकेवरच बसलाय. एका बाईच्या मांडीवर फडक्यात बांधलेली गुळाची ढेप आहे. सगळ्यांना एकच घाई आहे, मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या आत गावी पोचायची. कागदोपत्री वेळ अमावस्या, बोलताना येळवस. दिवाळीला रजा नाही मिळाली तरी चालेल, पण येळवशीला माणूस शेतात हजर पाहिजे, अशी इकडची रीत.

गप्पा मात्र कोयनेच्या चालल्यात. तीनच आठवडे झालेत, ११ तारखेच्या पहाटे कोयनानगर हादरलं, घरं पडली, माणसं दगावली. बंडीच्या खिशातून चंची काढत एक म्हातारा ठामपणे सांगतो, “आपल्याकडं नाही व्हायचं तसलं काही. आपलं शिवार दगडावर बसलेलं हाय.” तेव्हाचे जाणकारही दख्खनच्या पठाराबद्दल साधारण असंच बोलत. तुम्ही पुढच्या काळातून आलाय, तुम्हांला १९९३ ठाऊक आहे. पण गप्प बसा. कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि सणाच्या तोंडावर असलं बोलूही नये.

बार्शी गेली, येडशी गेली, मुरूड गेलं. लातूर येतं. हे अजून जिल्ह्याचं गाव नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातला हा एक तालुका, जिल्हा व्हायला १९८२ उजाडणार आहे. पण व्यापार जिल्ह्याला लाजवील असा. गंजगोलाईत गेलात की सोळा रस्ते एका गोलात येऊन मिळतात, आणि त्यांतल्या निम्म्या रस्त्यांवर आज मडकी विकायला मांडलीत. एक लहान तोंडाचं मडकं उचलून पाहा. त्याला बिंदगी म्हणतात. येळवशीच्या आंबिलाला तेच लागतं.

औशाच्या बाजूला जाणारी बैलगाडी धरा. दिवस मावळता मावळता गाव दिसतं. दगडाच्या हातभर रुंद भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर मातीचा जाड थर. ही माळवदाची घरं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पावसाळ्याआधी वरच्या मातीवर आणखी माती चढते, म्हणजे गळती होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या अशी माती चढत आलीय. आत जाताना वर एकदा बघून घ्या, पुढं काम पडणार आहे.

ज्या घरी आलात तिथं तुमची ओळख कोणाशीच नाही. पण ओसरीवरचे थोरले दादा विचारतात ते एवढंच, “येळवशीला आलाव न्हवं? मग बसा की.” पाण्याचा तांब्या येतो, त्यामागं गूळ. तुम्ही कोण, कुठले, हे उद्या जेवण झाल्यावर विचारलं जाईल.

*

या रात्री बायका झोपत नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसा, आत जाऊ नका, पायात याल. चुलीवर मोठं पातेलं आहे आणि त्याभोवती घरातल्या चार जणी. आजी सांगते, बाकीच्या करतात.

आंबिलाचं काम आधीच सुरू झालंय. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून मडक्यात आंबत ठेवलं होतं, झाकण काढलं की नाकात आंबट वास भरतो. ते आता आधणात सोडून शिजवायचं, गुठळी होऊ न देता घोटायचं, मग पार गार होऊ द्यायचं. त्यात ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. उद्या उन्हात ती प्याल तेव्हा पोटात गारवा उतरेल आणि डोळ्यांवर झापड येईल. येळवशीच्या दुपारी शिवारभर माणसं बांधावर आडवी झालेली दिसतात, त्याला कारण ही आंबील.

पण बघायचं ते भज्जीकडं. ‘भजी’ नव्हे, कढईत तळायचा संबंध नाही. सुपात काय काय मांडलंय ते मोजायला लागाल तर चुकाल. सोललेले तुरीचे हिरवे दाणे. हरभऱ्याचे कोवळे घाटे अजून भरायचेत, म्हणून त्याचा पाला आणि जोडीला घरातला भिजवलेला हरभरा. पावट्याच्या शेंगा. वाटाणा. भुईमुगाचे दाणे. मेथी, पालक, चुका. कांद्याची पात. गाजर, वांगं. वरच्या शिंक्यावरून काढलेली चिंच.

आजीचा क्रम ठरलेला आहे. कडक ते आधी, कोवळं ते नंतर. दाणे पुरते शिजले की नखानं दाबून बघायचे, मग पालेभाजी पडते. पातेल्यातला सगळा हिरवा रंग मिनिटभरात मळकट होतो, त्याची काळजी करू नका. चिंचेचा कोळ पडतो. शेवटी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पातळ कालवून एका हातानं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. थांबलात की गाठी. भज्जी दाटत जाते, बुडबुडे जड होतात, फुटताना ‘पुट्क’ असा आवाज येतो. तेव्हा सून लोखंडी पळीत तेल तापवते. तेल घरच्या करडईचं, गावच्या घाण्यावर गाळलेलं. त्यात लसूण लाल होईस्तोवर आणि हिरवी मिरची तडतडेस्तोवर थांबायचं आणि पळी तशीच पातेल्यात बुडवायची. सगळं घर खोकतं.

“किती भाज्या घालायच्या, आजी?” तुम्ही विचारता.

“आकडा कशाला बाबा? शेतात जे उभं हाय ते समदं पडाय पायजे. एखादं ऱ्हायलं तर त्याला वाईट वाटतंय.”

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. शेतात काय पिकतं याची नोंद तलाठी सातबाऱ्यावर करतो, पण तो बांधावर येतो का चावडीत बसून लिहितो हे गावाला माहीत असतं. या प्रदेशाचा खरा पीकपेरा दरसाल या पातेल्यात लिहिला जातो. मध्यरात्रीनंतर बाजरीचे, म्हणजे इकडच्या बोलीत सजगुऱ्याचे, उंडे वळले जातात. गव्हाची खीर गुळात रटरटते. तिळाच्या पोळ्या, धपाटे, आंबट भात आणि ज्वारीच्या भाकरींची चळत. एकेका जिन्नसामागं एकेक रान आहे.

*

तांबडं फुटायच्या आत गाडी जुंपली जाते. थोरल्या दादांनी खांद्यावर घोंगडं टाकलंय, डोक्यावर आंबिलाची बिंदगी, तिच्या तोंडाला फडकं. ती गाडीत ठेवायची नाही, डोक्यावरच न्यायची. मागं टोपल्या घेतलेल्या बायका, त्यांच्यामागं पोरं, सगळ्यांत शेवटी तुम्ही आणि घरचं कुत्रं.

गाव मागं पडतं आणि दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी राहते. तुमच्या डोक्यापेक्षा उंच, नुकती निसवलेली. हा शाळू पावसावर वाढलेला नाही. हस्ताचा पाऊस पडून गेला, काळ्या रानानं ते पाणी पोटात धरून ठेवलं, त्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर पीक उभं राहिलं. गेल्या दोन महिन्यांत बहुधा एक थेंब पडलेला नाही. कोरडवाहू रब्बी म्हणजे जमिनीच्या साठवणीवर चाललेला संसार, आणि तो बघायची योग्य वेळ हीच.

कडेच्या काट्यांपासून जपा. रानाच्या चारी बाजूंनी करडईच्या काकऱ्या आहेत. करडईची पानं बोचतात, त्यामुळं गुरं आत शिरत नाहीत, आणि वर्षाचं तेलही निघतं. तिच्या आत ज्वारी, मध्येच जवसाचा निळा पट्टा, पलीकडं गहू, आणि खरिपातली तूर बांधाच्या कडेनं शेंगांनी वाकलेली. हरभऱ्याच्या वाफ्यात उकिडवे बसा आणि पानांवरून बोट फिरवून चाटा. आंबट लागतं. पहाटे त्यावर फडकं अंथरून ती आंब टिपून ठेवणाऱ्या म्हाताऱ्या अजून गावात आहेत, पोटदुखीवर देतात.

रानाच्या मध्याला कोप आहे. ज्वारीच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेली माणूसभर उंचीची खोप, तोंड पूर्वेला, वरून शाल पांघरलेली. आत पाच दगड मांडलेत, चुन्यानं पांढरे केलेले. हे पांडव. शेजारी लक्ष्मी. हळदकुंकू वाहिलं जातं, केळीच्या पानावर सगळ्या जिन्नसांचा नैवेद्य मांडला जातो. भटजी लागत नाही, मंत्र लागत नाही. दादा कोपाकडं तोंड करून हात जोडतात, ओठ हलतात, ऐकू काही येत नाही.

मग चर शिंपायचा. पुढं दादा, हातात आंबील, पानानं ती पिकावर शिंपत चाललेत. मागं घरातले सगळे पुरुष आणि पोरं एका सुरात आरोळी देतायत. शब्द तुम्हांला नीट कळणार नाहीत, ‘ओलगे, ओलगे’ एवढं पकडता येईल. देणाऱ्यांनाही अर्थ विचारू नका. त्यात कानडीचा वास आहे, आणि तो असणारच. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, आणि हा सगळाच मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. राज्यांच्या सीमा नंतर आखल्या गेल्या. बिदर-गुलबर्ग्याकडं आजही ही अमावस्या अशीच शेतात साजरी होते. पलीकडच्या रानातून त्यांची आरोळी येते, तिला इकडून उत्तर जातं. सकाळी नवाच्या सुमाराला साऱ्या शिवारात माणसांचा आवाज भरून राहिलेला असतो आणि गावात चिटपाखरू नसतं.

पंगत चिंचेखाली. पळसाच्या पत्रावळीवर भज्जी पडते, ती पसरत नाही, जागेवर बसते. भाकरीचा तुकडा मोडून तिच्यात दाबा. पहिल्या घासाला आंबट, मागून लसणाचा झटका, मग तुरीचा दाणा दाताखाली फुटतो आणि त्याची गोडी येते. पुढच्या घासात पावटा निघेल, त्याच्या पुढच्यात शेंगदाणा. दोन घास एकसारखे लागत नाहीत. उंडा भज्जीत कुस्करायचा, भाकरीसारखा मोडायचा नाही. तसं करताना दिसलात तर शेजारचा पोरगा हसेल आणि स्वतःचा उंडा कुस्करून दाखवेल. खिरीवर तुपाची धार. आंबील मात्र शेवटी, ओंजळीनं किंवा तांब्यानं.

पोट भरलं म्हणून उठायला जाल तर फसाल. बांधावरून कोणी वाटसरू जाताना दिसला की दादा हाक मारतात, “ओ पाव्हणं, कुठं जायलाव? येळवशीला जेवल्याबगर जात असतेत व्हय?” तो येतो, बसतो, जेवतो. त्याच्याबरोबर तुम्हांला पुन्हा वाढलं जातं. ज्याला रान नाही त्यानं आज उपाशी राहायचं नाही, तो कोणाच्याही कोपाशी जाऊन बसतो. चार कोपांवर चारदा जेवलेले लोक आहेत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

दुपारी पोरं चिंचेला झोका बांधतात, बायका आधी पोरांना आणि मग एकमेकींना झोके देतात. बोरं, ऊस, भाजलेल्या शेंगा फिरत राहतात. ऊन कललं की गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यात दूध ठेवून उतू जाऊ देतात. अंधार पडता पडता दादांचा धाकटा भाऊ कडब्याची पेंढी पेटवतो आणि ती घेऊन रानाच्या कडेनं पळतो. या शिवारात, त्या शिवारात, नजर जाईल तिथवर पेंढ्या पळतायत. त्यातली एक तुमच्या हातात दिली जाईल. वारा पाठीवर घेऊन पळा, नाहीतर भुवया जळतील.

*

आता थोडं पुढं या. त्याच घरी, त्याच अमावस्येला, पण १९७३ च्या जानेवारीत.

कोप शोधत रानात जाल तर तिथं ढेकळं आहेत. ७२ चा पाऊस गेला, हस्तही कोरडा गेला, तेव्हा जमिनीच्या पोटात साठवायला काही उरलंच नाही. दादा आणि त्यांचा भाऊ दुष्काळी कामावर गेलेत, पाझर तलावाच्या भरावावर. बायकाही खडी फोडायला. पोरांना सुकडी मिळते. रेशनवर अमेरिकेहून आलेला मिलो आहे, तांबूस ज्वारीसारखा दिसणारा. त्याची भाकरी थापताना चिरते, असं सून सांगते.

तरी येळवस टळलेली नाही. मागच्या सालच्या कडब्याच्या चार पेंढ्या राखून ठेवल्या होत्या, खरं तर बैलांसाठी. त्यांतून कोप उभी राहिली, आणि संध्याकाळी मोडून त्या बैलांना घातल्या जाणार आहेत. भज्जीत भिजवलेला हरभरा आहे, डाळीचं पीठ आहे, चिंच आहे. पाला म्हणून विहिरीच्या कडेला ओलीवर तगलेली मूठभर मेथी. हिरवा दाणा एकही नाही. चव तीच यावी म्हणून लसूण जास्त घातलाय. ती खाताना तुमच्या लक्षात येईल, आजीनं आकडा का सांगितला नव्हता. शेतात जे उभं ते पातेल्यात, हा नियम सुकाळात जेवढा खरा तेवढाच दुष्काळात.

परक्याला हाक मारणं याही साली सुरू आहे. फक्त वाढणारा हात पळी अर्धी भरतो.

*

आणखी पुढं. जानेवारी १९९४.

किल्लारीच्या बाजूला जा. ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून लोक नुकते झोपले होते, तेव्हा जमीन हादरली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. धक्का मोठा होताच, पण माणसं मेली ती बरीचशी छपराखाली. माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली ती माती, मातीतच रचलेल्या त्या दगडी भिंती. ऊब देणारं जे जे होतं ते वजन होऊन खाली आलं.

आता पत्र्याच्या शेडांच्या ओळी आहेत. ज्या घरात मयत झालंय तिथं वर्षभर सण नाही, आणि या ओळींमध्ये मयत न झालेलं घर सापडणं अवघड. भूकंप झाला तो नेमका रब्बीच्या पेरणीच्या तोंडावरचा काळ. कोणाचं रान पडीक राहिलं, कोणाच्या भावकीनं पेरून दिलं. त्या पेरलेल्या रानाच्या मधोमध एक कोप दिसते. जवळ जा. आत पाच दगड आहेत आणि एकटी बाई बसली आहे. पूजा बाजूच्या गावातल्या नातलगांनी मांडलीय, भज्जीही त्यांच्याच घरून आलीय, दुखवटा असलेल्या घरात ती शिजत नाही.

इथं तुम्हांला विचारायचं काही नाही. पेंढ्यांच्या छपराखाली बसा, वर हात लावून बघा. एका हातानं उचलता येईल इतकं हलकं आहे. पत्रावळीवर जे वाढतील ते खा. आज ‘नको’ म्हणणं हाच अपमान.

*

आणि आता आजच्या काळात.

लातूरला येणारे रूळ रुंद झालेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच रुंद झालेल्या मार्गानं मिरजेहून पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. उसाच्या पट्ट्यातल्या शहराला रेल्वेनं पाणी, हे देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याच शहरात येळवशीच्या आदल्या दिवशी भाजीबाजारात गेलात तर पाय ठेवायला जागा नाही. तुरीच्या शेंगा, पावटा, वाटाणा, चुका, कांद्याची पात, भज्जीचं सगळं सामान इथं मिळतं. एका बाईच्या पिशवीत डोकवा. तिचं रान औशाकडं आहे, सहा एकर, आणि तरी ती पावटा विकत घेतेय.

दुसऱ्या दिवशी लातूर ओस पडतं. दुकानं बंद, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी, रस्त्यांवर क्रिकेट खेळता येईल इतकी शांतता. पण शिवाराकडं जाणाऱ्या वाटांवर मोटारींची रांग. डॉक्टर, वकील, शिकवण्या घेणारे, शिकवण्यांना आलेली परगावची पोरं, सगळे कोणाच्या ना कोणाच्या रानात निघालेत. तुम्हीही कोणाच्या तरी गाडीत बसा, नकार मिळणार नाही.

रानात पोचल्यावर बघा. खरिपात सोयाबीन होतं, ते दिवाळीआधीच निघालं आणि लातूरच्या बाजारात गेलं. सोयाबीनच्या भावासाठी लातूरकडं बघतात म्हणतात, ते उगाच नाही. त्याच्या जागी आता हरभरा उभा आहे, एकसलग, सुरेख. तुरीच्या ओळी आहेत. एका अंगाला ऊस. ज्वारी कुठंय? विहिरीजवळ, अर्ध्या एकरात. करडई नाही, जवस नाही, भुईमूग नाही. ज्वारी काढायला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला घरात पोरं नाहीत, आणि सोयाबीन तीन-चार महिन्यांत पैसा देतं. हे गणित ज्यानं मांडलं त्याला दोष देता येत नाही. पोरांच्या शिकवण्यांची फी शाळूवर निघत नाही.

कोप मात्र आहे. अर्ध्या एकरातल्या ज्वारीच्या ताटांची, जोडीला पाच ऊस, वर शालीऐवजी नवी साडी. आंबील बिंदगीतच आहे. ती डोक्यावर घेऊन येणाऱ्या तरुणाच्या पायात स्पोर्ट्स शूज आहेत, आणि त्याच्या आरोळीला पलीकडच्या रानातून तसंच उत्तर येतंय.

भज्जी वाढली जाते. हुबेहूब तीच चव, आंबट, मागून लसूण, मग फुटणारा दाणा. या ताटात काय नाही ते मात्र बघा. शिवारात सर्वाधिक जे पिकतं त्या सोयाबीनचा एक दाणाही यात नाही. तो पैशाला येतो, तोंडी लागत नाही. आणि जे ताटात आहे त्यातलं निम्मं इथल्या मातीतलं नाही. ६७ साली भज्जी रानाकडं बघून शिजत होती, आता ती रान कसं होतं हे आठवून शिजते. पीकपेऱ्यात पिकं बदलली, भज्जीनं मात्र जुनीच नोंद धरून ठेवलीय.

म्हणून येळवशीला जाल तेव्हा, आणि जरूर जा, मार्गशीर्षातली अमावस्या कॅलेंडरात आत्ताच बघून ठेवा, तिथं भज्जीची पाककृती विचारू नका. ती कोणीही सांगेल. दुसरं पोट भरलं की यजमानांना विचारा, यातलं शेतातलं काय आणि बाजारातलं काय? थोडा वेळ हिशोब होईल. तूर आपली. हरभरा आपला. मेथी शेजारच्यांची. पावटा बाजारातला, शेंगदाणे बाजारातले, तेल पिशवीतलं. बोटं मोडता मोडता यजमान थांबतील, आणि घरातली म्हातारी मध्येच बोलेल, “औंदा बाजारातनं आणलं, फुडल्या साली दोन काकऱ्या पावट्याच्या टाक म्हणून सांगितलंय ह्याला. भज्जीपुरत्या. तेवढी जागा सोयाबीन देतंय की.”

मुलगा हो म्हणेल. त्यानं खरंच टाकल्या का, हे बघायला पुढच्या येळवशीला पुन्हा जायचं, आणि भज्जी चाखूनच ठरवायचं.